बुडालेली आरसी बोट सुकवली, चालली, आठवड्यात पुन्हा बंद: दोष कुठे शोधायचा

आरसी बोट, म्हणजे रिमोटनं चालणारी छोटी बोट, ठेवणाऱ्या बहुतेकांची तक्रार सारखीच असते. बोट बुडाली, कशीबशी काठावर ओढली, दोन दिवस पंख्याखाली ठेवली आणि चालली. पुढच्या रविवारी पाण्यात सोडल्यावर रडर (बोट वळवणारं सुकाणू) थरथरू लागतो, मोटर अडखळते आणि मग सगळं गप्प. नाहीतर बोट झक्क पळते, पण परत येते ती पोटात पाणी घेऊन, आणि त्याच्या पुढच्या वेळी पुन्हा तळाला जाते.

ही दोन वेगवेगळी दुखणी आहेत. पहिल्यात पाणी उडून गेलेलं असतं, पण त्यातले क्षार तारांच्या आत आणि सर्किटवर राहिलेले असतात आणि हवेतली ओल धरून ते रोज थोडं थोडं तांबं खातात. दुसऱ्यात बोटीला अशी गळती असते जी फक्त वेगात असतानाच गळते. बोट बादलीत तरंगवून अर्धा तास ठेवली आणि थेंब आला नाही, यावरून बोट पळतानाही कोरडी राहील असं म्हणता येत नाही. नुसतं सुकवून दोन्ही दुखणी बरी होत नाहीत, म्हणून ती परत परत येतात.

बाहेर काढल्याबरोबर

बोटीतली बॅटरी सुटेपर्यंत रिमोट बंद करू नका. सिग्नल गेल्यावर काही रिसीव्हर (बोटीत बसून रिमोटचा सिग्नल घेणारे) मोटर शेवटच्या वेगावर तशीच फिरवत ठेवतात, आणि प्रॉपच्या, म्हणजे बोट ढकलणाऱ्या पंख्याच्या, पात्याला हाताची बोटं कापायला क्षण पुरतो. हॅच (बोटीवरचं झाकण) उघडा, बॅटरी काढा, मग रिमोट बंद करा. ‘चालते का बघू’ म्हणून थ्रॉटल (रिमोटवरचा वेगाचा खटका) दाबायचा मोह सगळ्यांनाच होतो. तो आवरा. ओल्या सर्किटमधून वीज गेली की पॉझिटिव्ह बाजूचं तांबं झपाट्यानं विरघळतं. कनेक्टरची एकच पिन हिरवी पडलेली दिसली तर ती बहुतेक हीच.

कुठे बुडाली यावर पुढचं सगळं ठरतं. मुंबईची पवई, ठाण्याचा मासुंदा किंवा उपवन इथलं पाणी गोडं. तिथे त्रास गाळाचा आणि शेवाळाचा. सोसायटीच्या पूलमध्ये क्लोरीन असतं. खाडीत किंवा चौपाटीवर सोडली असेल तर समुद्राच्या लिटरभर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात, आणि तिथे मिनिटांचा हिशोब धरावा लागतो. अशा वेळी बोट तशीच पिशवीत घालून लोकलनं घरी नेण्यापेक्षा बिसलेरीची एक बाटली तिथल्या तिथे आतून ओतलेली बरी. (पवईला बोट मधेच अडकली तर पाण्यात उतरून आणायला जाऊ नका. तिथे मगरी आहेत, आणि ही दंतकथा नाही. टेनिस बॉलला मासेमारीची दोरी बांधा, बॉल बोटीच्या पलीकडे टाका आणि हळूहळू ओढा.)

घरी आल्यावर बोट पुन्हा भिजवायची. हे ऐकून लोक दचकतात, पण मीठ सुकून जात नाही, ते धुवावंच लागतं. आधी नळाचं भरपूर पाणी. मग बॅटरीवाल्याकडे मिळणारं डिस्टिल्ड वॉटर, कारण नळाच्या पाण्यातही क्षार असतात. शेवटी ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल, म्हणजे मुंबईच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात, लॅमिंग्टन रोडवर, ज्याला नुसतं ‘आयपीए’ म्हणतात ते. केमिस्टकडचं ७० टक्क्यांचं घेऊ नका, त्यात उरलेलं सगळं पाणीच असतं. खिडक्या उघड्या ठेवा आणि गॅस बंद करा, त्याची वाफ पेट घेते. हा शेवटचा हात रिसीव्हर, सर्व्हो (रडर वळवणारी छोटी मोटर), ईएससी (मुख्य मोटरचा वेग सांभाळणारं सर्किट) आणि कनेक्टरना द्यायचा. हलला, म्हणजे बोटीच्या कवचाला, फडकं पुरे.

तांदळाच्या डब्यात ठेवण्याबद्दल: नका ठेवू. तांदूळ बंद खोक्यातलं पाणी खेचत नाही, वर सर्व्होच्या फटीत पीठ जातं. आणि जुलैमध्ये मुंबईतली हवा स्वतःच इतकी ओली असते की पंखा तीच ओल बोटीवरून फिरवत राहतो. घट्ट झाकणाचा डबा घ्या, त्यात सिलिका जेलचे मूठ-दोन मूठ दाणे टाका आणि सुटे केलेले भाग दोन दिवस आत ठेवा. नारिंगी दाणे हिरवे झाले किंवा निळे गुलाबी झाले की ते ओल पिऊन भरले. ओव्हनमध्ये १२० अंशांच्या आसपास तापवले की पुन्हा वापरता येतात. निळ्या दाण्यांत कोबाल्ट असतं, त्यामुळे खाण्याच्या भांड्यात ते तापवू नका.

बॅटरी

यात हयगय नको. लायपो (लिथियम-पॉलिमर बॅटरी) गोड्या पाण्यात थोडा वेळ होती, फुगलेली नाही आणि प्रत्येक सेल ३ व्होल्टच्या वर आहे, तर पुसून, प्लग आयपीएनं धुऊन, एक दिवस कोरडी ठेवून पुन्हा मोजा. एखादाच सेल बाकीच्यांपेक्षा खाली सरकत असेल तर ती बाद. खाऱ्या पाण्यात बुडालेली बॅटरी मोजायच्या भानगडीत मी पडत नाही, ती बादच धरतो. तिच्या आवरणाखाली, जिथे सेलच्या पट्ट्या जोडलेल्या असतात, तिथे मीठ जाऊन बसतं आणि चार दिवसांनी चार्जिंगवर असताना शॉर्ट होतं. बाद बॅटरी उघड्यावर गाडीच्या १२ व्होल्टच्या इंडिकेटर बल्बवर रिकामी करा आणि ई-कचऱ्यात द्या, ओल्या-सुक्या कचऱ्यात नाही. शंकेची बॅटरी पहिल्यांदा चार्ज करताना मातीच्या कुंडीत ठेवा आणि समोर बसून राहा.

दुखणं पहिलं: सुकली, चालली, मग बंद पडली

काहीच होत नसेल, रिसीव्हरचा दिवाही लागत नसेल, तर रिसीव्हर मेला असं लगेच ठरवू नका. आधी सर्व्होची वायर रिसीव्हरमधून उपसा आणि बॅटरी लावा. दिवा लागला तर दोषी सर्व्हो. ईएससी रिसीव्हरला ५ ते ६ व्होल्ट देतो. आतून शॉर्ट झालेला सर्व्हो तेच व्होल्टेज खाली ओढतो आणि रिसीव्हर मेल्यासारखा वाटतो. चांगले रिसीव्हर या एका गैरसमजातून कचऱ्यात जातात. सर्व्हो काढूनही दिवा नाही लागला तर मल्टिमीटरनं रिसीव्हरच्या पिनांवर व्होल्टेज बघा. व्होल्टेज आहे आणि दिवा नाही, तर रिसीव्हर. व्होल्टेजच नाही, तर ईएससी किंवा त्याचं बटण.

बटण म्हणजे ईएससीला लोंबणारा तो छोटा सरकता स्विच. बोट कधी चालू, कधी बंद, हलवली की पुन्हा चालू, असं असेल तर आधी तोच तपासा. ‘वॉटरप्रूफ’ लिहिलेल्या ईएससीचं सर्किट राळेत ओतलेलं असतं, पण स्विच साधाच लावतात. माझं मत विचाराल तर तो कापून दोन्ही वायरी कायमच्या जोडाव्यात आणि बॅटरीच्या प्लगनंच बोट चालू-बंद करावी. कापण्याआधी मात्र बघून घ्या: काही ईएससी स्विच सुटा असताना चालू राहतात, जोडलेला असताना नाही. स्विच कुठल्या बाजूला असताना त्याच्या वायरी आपसांत जुळतात, ते मल्टिमीटरवर लगेच कळतं.

सर्व्हो थरथरत असेल, किंवा मध्यावर न थांबता एका बाजूला ओढत असेल, तर आतल्या पोटेन्शिओमीटरवर (सर्व्हो किती वळला ते मोजणाऱ्या भागावर) गाळ किंवा क्षार बसलेत. चार स्क्रू काढून आयपीएनं धुऊन बघता येतं, कधी जमतंही. पण साधा प्लॅस्टिक गिअरचा सर्व्हो असेल तर मी त्यावर वेळ घालवत नाही, नवा लावतो. रडर अडकला की बोट गोल गोल फिरत दूर जाते आणि आणायची कोणी, हा प्रश्न उरतोच.

आता ईएससी. राळेत ओतलेला नसेल तर तो नुसत्या हीट श्रिंकच्या (तापवल्यावर आकसणाऱ्या प्लॅस्टिकच्या) आवरणात असतो, आणि ते आवरण पाणी बाहेर ठेवण्यापेक्षा आत धरून ठेवायचं काम जास्त चोख करतं. बाहेरून खडखडीत कोरडा, आत चिंब. म्हणून बुडालेल्या बोटीतला असा ईएससी उघडल्याशिवाय सुकत नाही. हीट सिंकच्या उलट्या बाजूनं ब्लेडनं आवरण चिरा, ब्लेड खोल जाऊ देऊ नका, सगळं अलगद सोलून काढा. सर्किटवरच्या भागांच्या पायांभोवती पांढरी किंवा हिरवट पावडर दिसेल. जुना टूथब्रश आयपीएत बुडवून घासा, सुकवा, पुन्हा घासा. भिंगातून बघा. मग कॉन्फॉर्मल कोटिंगचे (सर्किटला ओलीपासून वाचवणाऱ्या लेपाचे) दोन पातळ हात द्या, हीट सिंकची आणि कनेक्टरची जागा सोडून, आणि नवं हीट श्रिंक चढवा. घरात ठेवलेला सिलिकॉन सीलंट इथे लावायचा असेल तर आधी वास घ्या. व्हिनेगरसारखा वास येत असेल तर तो सुकताना ॲसेटिक ॲसिड सोडतो आणि तांबं गंजवतो. वास नसलेला, ‘न्यूट्रल क्युअर’ लिहिलेला हवा. तुमची दुरुस्ती धडधाकट दिसूनही महिन्याभरात ईएससी गेला असेल तर याही कारणाचा विचार करा.

उरलेलं दुखणं तारांचं. तारेच्या टोकाशी इन्सुलेशन थोडं मागे सारा. आतलं तांबं चकचकीत असेल तर ठीक. काळं पडलं असेल तर खारं पाणी धाग्यांमधून आत चढलं आहे. काळ्या तांब्याला सोल्डर धरत नाही, कितीही फ्लक्स लावा. चकचकीत तांबं लागेपर्यंत तार कापत मागे जा. कधी दोन सेंटिमीटर, कधी अख्खी तार. जोडणी बरोबर आहे, मल्टिमीटर बीप देतो, पण मोटरनं जोर मागितला की ईएससी झोपतो, हे लक्षण नेमकं याचंच. बीप यायला एक धागाही पुरतो.

ब्रशलेस (तीन तारांच्या) मोटरला गोडं पाणी फारसं बाधत नाही, तिची बेअरिंगं मात्र गंजतात. हातानं फिरवून बघा. खरखर लागली तर बदला. नागदेवी स्ट्रीटला बेअरिंगवाल्यांकडे कड्यावरचा नंबर सांगितला की मिळतं. ५ मिमी शाफ्टच्या (फिरत्या दांड्याच्या) मोटरमध्ये बऱ्याचदा ६८५ किंवा ६२५ असतं, पण व्हर्निअरनं मोजूनच जा, पहिल्याचा बाहेरचा व्यास ११ मिमी आहे आणि दुसऱ्याचा १६. खरखर नसेल तर डब्ल्यूडी-४० मारून पाणी हाकला, पण तेवढ्यावर थांबू नका. ते वंगण म्हणून टिकत नाही. वरून शिलाई मशीनच्या तेलाचा थेंब द्या.

मोटर जागच्या जागी थडथडत असेल, फिरत नसेल, तर तीनपैकी एका तारेचा संपर्क गेला आहे. सगळ्या तारा मोकळ्या करा, कोणत्याही दोन एकमेकींना टेकवा आणि शाफ्ट हातानं फिरवा. अडथळा जाणवेल. तिन्ही जोड्यांना अडथळा सारखा हवा. दोन जोड्यांना कमी लागला तर त्या दोन्हींत असलेल्या तारेच्या बुलेट कनेक्टरपासून सुरुवात करा. साध्या मल्टिमीटरनं हे कळत नाही, वेटोळ्यांचा रोध इतका कमी असतो की तो सगळीकडे शून्यच दाखवतो.

दुखणं दुसरं: पळताना भरते

ताशी ३६ किलोमीटर वेग म्हणजे सेकंदाला १० मीटर. या वेगानं पाण्यात घुसणाऱ्या पिकअपच्या (थंड ठेवायचं पाणी आत घेणाऱ्या नळीच्या) तोंडाशी सुमारे ५ मीटर उंच पाण्याच्या स्तंभाइतका दाब तयार होतो, म्हणजे तळमजल्याच्या नळाला दुसऱ्या मजल्याजवळच्या टाकीचं पाणी जोडल्यासारखं. उभ्या बोटीत त्याच नळीत जवळपास काहीच दाब नसतो. मोटर आणि ईएससी थंड ठेवणारी सिलिकॉनची नळी कुठेतरी सैल असेल, तर बादलीत ती गपचूप राहील आणि तलावात वेग घेतला की थेट हलमध्ये पाणी सोडेल. शिवाय हे पाणी बाहेरून फवारत नाही, आत जातं, त्यामुळे काठावर उभ्या माणसाला काहीच दिसत नाही.

काठावरून दिसतं ते एकच: बोटीच्या कडेनं निघणारी पाण्याची धार. ती बारीक झाली किंवा थांबली तर वेग कमी करून लगेच काठाला आणा. एकतर पिकअपमध्ये शेवाळ अडकलं आहे आणि मोटर तापते आहे, नाहीतर नळी आत सुटली आहे.

घरी तपासायला औषधाच्या दुकानातली ५० मिलीची सिरिंज पुरते. पिकअपच्या तोंडाला नळीनं जोडा, कडेचं बाहेर पडायचं भोक बोटानं दाबा, पाणी जोरात ढकला आणि हॅच उघडी ठेवून प्रत्येक जोडावर नजर ठेवा. थेंब सुटला तो जोड धरा. नळी वर्षभरात उष्णतेनं कडक होते. टोक कापून पुन्हा घुसवण्यापेक्षा अख्खी बदला आणि प्रत्येक जोडावर बारीक केबल टाय आवळा. फॅक्टरीतून आलेल्या बोटींत हे टाय बहुतेक वेळा नसतातच.

दुसरी वाट शाफ्टच्या नळीची. फ्लेक्स शाफ्ट (मोटरपासून प्रॉपपर्यंतचा लवचीक दांडा) ज्या नळीतून जातो तिथे पाणी थोपवतं ते फक्त ग्रीस, आणि तेही फिरताना बाहेर फेकलं जातं. प्रत्येक फेरीनंतर शाफ्ट उपसायचा, पुसायचा, मरीन ग्रीस लावून परत घालायचा. बसवताना ड्राइव्ह डॉग (शाफ्टवर बसून प्रॉप फिरवणारा तुकडा) आणि स्ट्रट (शाफ्टला मागे धरणारा आधार) यांच्या मध्ये २ ते ३ मिमी फट ठेवा. जोर आला की पिळलेला शाफ्ट आखूड होतो. फट नसेल तर डॉग स्ट्रटवर घासतो, आतली बुश (शाफ्ट ज्यात फिरतो ती कडी) झिजते, आणि झिजलेल्या बुशमधून ग्रीस आणखी लवकर निघून जातं. ट्रॉलर किंवा टगसारख्या संथ मॉडेलमध्ये शाफ्ट सरळ असतो आणि नळीचं आतलं टोक पाण्याच्या रेषेच्या वर ठेवलेलं असतं. मोठी बॅटरी घातली की बोट खोल बसते, ते टोक रेषेखाली जातं आणि कालपर्यंत कोरडी असलेली बोट ‘अचानक’ गळू लागते.

शाफ्टशी आणखी एक शत्रू आहे, तो अस्सल आपल्याकडचा. संक्रांतीनंतर तलावात पडलेला नायलॉन मांजा आणि विसर्जनानंतर तरंगणारे हारांचे दोरे प्रॉपमागे गुंडाळले जातात आणि स्ट्रटच्या फटीत घुसून बुश कापतात. प्रॉप काढल्याशिवाय ते दिसत नाहीत. त्या आठवड्यांत दर फेरीनंतर प्रॉप काढा.

रडरच्या दांड्याचं रबर बेलो (घडीदार टोपी), ड्रेन प्लगचं (पाणी काढायच्या बुचाचं) कडक झालेलं रबर, हलच्या सांध्यावरची चीर, ही बाकीची ठिकाणं. चीर शोधायला हलमध्ये पाणी भरा आणि बाहेरून पुसून बघा. एबीएस प्लॅस्टिकचा हल असेल तर चिरेभोवती सँडपेपर मारून आतून फायबर कापडाचा तुकडा आणि ॲराल्डाइट. पाच मिनिटांत घट्ट होणाऱ्यापेक्षा रात्रभर घेणारं पाण्यात जास्त टिकतं. हॅचची टेप चिकटत नसेल तर दोष टेपचा नसून कडेला लागलेल्या ग्रीसचा असतो. आयपीएनं पुसा.

एवढं करूनही पाणी कुठून येतं कळत नसेल तर टिश्यू पेपरच्या पट्ट्यांवर शाईच्या पेननं ठिपके काढा. एक पट्टी शाफ्टच्या नळीशी, एक रडरशी, एक कूलिंगच्या जोडाखाली, एक हॅचच्या कडेला आतून चिकटवा. एक मिनिट बोट पळवा, जास्त नाही, आणि आणून उघडा. जिथली शाई पसरली तिथून सुरुवात. फेरी लांबली तर आतलं पाणी हिंदकळून सगळ्याच पट्ट्या भिजवतं. दोन-चार थेंब सगळीकडे सारखे दिसले तर ती गळती नसेल. गरम मोटरभोवतीची दमट हवा थंड हलला लागून तेवढं पाणी सुटतं.

पुन्हा पाण्यात सोडण्याआधी

बुडू नये यासाठी फोम भरा. हिशोब सोपा ठेवा: बोट बॅटरीसकट १,४०० ग्रॅम असेल तर १.४ लिटर बंद पेशींचा फोम. खरं तर कमी पुरतं, पण इथे कंजुषी कशाला. नव्या टीव्हीच्या खोक्यातला पांढरा ईपीई (मऊ, लवचीक फोम) चालतो, स्पंज चालत नाही, तो पाणी पितो. थर्माकोल चालतो, पण त्याच्याजवळ फेविक्विक नेऊ नका, थर्माकोल विरघळतो. फोम जास्त करून नाकाकडे आणि दोन्ही कडांना भरा, मोटरभोवती हवा खेळू द्या.

तुमची बोट उलटल्यावर आपोआप सरळ होणारी असेल तर मात्र थांबा. तिच्या एका कडेला मुद्दाम पाणी भरू देणारा कप्पा असतो. उलटल्यावर तो भरतो, ती बाजू जड होते आणि बोट परत फिरते. त्या कप्प्यात फोम भरला किंवा त्याची भोकं गळती समजून बुजवली की ती पालथी पडून राहते. कप्पा कुठला ते बोटीच्या पुस्तिकेत बघा.

रिसीव्हर छोट्या फुग्यात घाला, वायरीभोवती फुग्याचं तोंड टायनं आवळा. ॲन्टेनाचं उघडं टोक, साधारण ३१ मिमी, पाण्याच्या रेषेच्या वर उभं राहील असं लावा, कारण २.४ गिगाहर्ट्झचा सिग्नल पाण्यातून जात नाही. सिग्नल असा तुटू शकतो, म्हणून फेलसेफ, म्हणजे सिग्नल गेला की मोटर थांबवणारी सोय, तपासणं राहिलंय. बोट स्टँडवर ठेवा, प्रॉप मोकळा आहे ना बघा, थोडा थ्रॉटल देऊन रिमोट बंद करा. मोटर दोन सेकंदांत थांबली पाहिजे. फिरतच राहिली तर रिमोटच्या मेनूत थ्रॉटलचं फेलसेफ शून्यावर ठेवून पुन्हा बघा.